अण्णांचं भिंग

पहिल्यांदाच आमच्या घरी जेवायला आलेल्या जगदाळे अण्णांनी बसण्याआधी लोखंडी खुर्ची उलटी केली, खिशातून भिंग काढलं आणि तिचे चारही पाय तपासले. बायको बघतच राहिली, तव्यावरची पोळी करपली.

"ही बरी हाय," म्हणाले आणि बसले.

ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. अण्णा कतारमध्ये, दोह्यात आमच्या कंपनीत वेल्डिंगचे जोड तपासायचे. मी डिग्रीवाला इंजिनियर, ते सांगलीकडचे सातवी पास. पण त्यांनी खडूनं फुली मारली की मोठे साहेबसुद्धा निमूट जोड तोडून घ्यायचे. भिंगाला मात्र कुणाला हात लावू देत नसत. "लोखंड दमतंय, सायेब," हे त्यांचं पालुपद. आम्ही मागे हसायचो.

आणि एका शुक्रवारी, माझ्या मंजूच्या वाढदिवसाला, या गृहस्थांनी दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या अंगणातला झोपाळा भिंगातून पाहिला आणि सगळ्या पोरांदेखत हॅक्सॉच्या करवतीनं कापून टाकला!

"डॅडी, स्टॉप हिम!" मंजूनं भोकाड पसरलं. मी संतापानं पुढे झालो. अण्णांनी शांतपणे कापलेल्या दांड्याच्या जोडाला लाल रंग फासला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. बघता बघता पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. भेग! मघाशी मंजू याच झोपाळ्यावर उभी राहून झोके घेत होती.

"एका दणक्यानं न्हाई मोडत, सायेब. पोर बसतंय, उतरतंय. वजन पडतंय, निघतंय. त्यानंच जोडापाशी चिरतंय. मग खलास!"

पुढच्या महिन्यात त्यांच्या बायकोचं मला पत्र आलं. मुलीचं लग्न ठरलंय, पाच वर्षांत हे घरी आले नाहीत, तुम्ही तरी धाडा. मी हादरलोच. सुट्टीचं तिकीट कंपनी फुकट द्यायची, आणि हा माणूस ते वापरतच नव्हता! अण्णा तेव्हा आमच्या अंगणात नवा झोपाळा रंगवत होते. मी पत्र घेऊन तरातरा गेलो.

"अण्णा, काळीज आहे का तुम्हाला?"

पत्र वाचून ते खाली बसले. "आधी, सुरवातीला दोनदा गेलो हुतो. परत निघताना पोरगी सदरा सोडंना. वजन एकसारखं आसलं तर लोखंड सोसतंय, सायेब. काढायचं, परत चढवायचं, त्यानं…" त्यांनी पत्राची घडी घातली.

कॉलेजात मी हेच शिकलो होतो. चूक काढायला जागाच नव्हती. मला फार वाईट वाटलं.

"मग या खेपेला जा, आणि परत येऊच नका."

त्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं.

"आन् ह्यो कोन बघनार?"

"मी."

त्यांनी फडक्यानं हात पुसले, खिशातून भिंग काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"दर शुक्रवारी, सायेब. जोडापाशी नीट बघा."