पाच ते सहाचा संसार

गादी कारखान्याच्या साहेबांनी कामगारांचं भलं करायचं ठरवलं, तेव्हा कामगारांपैकी कोणीही त्यांच्या वाटेला गेलेलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी निमूट फोम कापत होते, खोळी शिवत होते, आठला येत होते आणि चारला जात होते. पण साहेब तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. काम आणि घर यांचा तोल कसा सांभाळावा, हा शिबिराचा विषय होता. अशा ठिकाणाहून लोक फार तर फुकटचं पेन घेऊन येतात. साहेब नवं वेळापत्रक घेऊन आले.

सोमवारी फळ्यावर सूचना लागली. कारखाना आता दहा ते सात. मध्ये साडेबारा ते अडीच अशी दोन तासांची घसघशीत सुट्टी, आणि ‘या सुट्टीत कुटुंबासोबत वेळ घालवणे प्रत्येक कर्मचाऱ्यास बंधनकारक आहे. अपवाद नाही.’ खाली साहेबांची ऐसपैस सही होती.

काठवालीने सूचना दोनदा वाचली. गादीचा वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतो तो काठ शिवायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून ती काठवाली. तिला स्वतःचं नावही होतं, पण अकरा वर्षांत ते हजेरीच्या वहीबाहेर कोणी वापरलं नव्हतं. सूचना वाचून तिने बोटांवर तास मोजले.

कारण तिचा संसार पाच ते सहा एवढाच होता. नवरा रात्रीच्या बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी सहाला तो घर सोडायचा आणि सकाळी दहाला परतायचा, तोवर ही केव्हाच गेलेली असायची. आठवड्याची सुट्टी त्याला मंगळवारी, हिला रविवारी. चारला सुटून ही पाचला घरी पोचली की पुढचा एक तास दोघांचा. त्या तासात चहा, बातम्या, घरमालकाच्या तक्रारी, भांडण आणि समेट असं सगळं उरकायचं. भांडण साडेपाचच्या आत सुरू झालं नाही तर ते दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागे, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली मजा गेलेली असे. आता सातला सुटून ती आठला घरी पोचणार, म्हणजे तोही तास गेला.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घ्यावं, असंही शिबिरात सांगितलं होतं.

“बाई, म्हणून तर दोन तासांची सुट्टी दिलीय. घरी जा, मिस्टरांना भेटा.”

“जायला एक तास लागतो साहेब.”

“मग झालं की. दोन तास आहेत.”

“यायलाही एक तास लागतो.”

साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि तो बरोबर दोन तासांत बसतो हे पाहून त्यांना समाधान वाटलं. दारात का होईना, भेट तर होईल, असं ते म्हणाले.

काठवाली हट्टाला पेटणारी बाई होती. पहिल्याच दिवशी तिने साहेबांचं म्हणणं तंतोतंत पाळून दाखवलं. दोन बस बदलून दीड वाजता घरी पोचली आणि गाढ झोपलेल्या नवऱ्याला हलवून उठवलं. एवढ्या दुपारी बायको उशाशी उभी बघून तो बिचारा ताडकन उठला. कारखान्याला आग लागली का, इथपासून कोण गेलं इथपर्यंत त्याने सगळं विचारून घेतलं.

“काही नाही. कुटुंबासोबत वेळ घालवायला आलेय,” ती म्हणाली. “घालवला. निघते आता.”

परत यायला तिला दहा मिनिटं उशीर झाला आणि अर्धा दिवस कापला गेला. घरी नवऱ्याला परत झोप लागली नाही, आणि त्या रात्री त्याने बस दोनदा चुकीच्या थांब्यावर उभी केली.

बाकीचे कुठेच गेले नाहीत. कोणाचंच घर जवळ नव्हतं. दोन तास लोक कारखान्याच्या भिंतीला टेकून बसून राहिले. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं होतं. हे साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी चिठ्ठ्यांची पद्धत काढली. रोज घरच्या माणसाची सही आणायची, की अमुक अमुक कर्मचाऱ्याने माझ्यासोबत वेळ घालवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या सतरा आयांच्या सह्या एकाच अक्षरात होत्या, आणि ते अक्षर फोम कापणाऱ्याचं होतं. साहेबांनी बजावलं की यापुढे खोटी चिठ्ठी दिसली तर दिवसाचा खाडा.

त्या दिवशी काठवाली फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. कुटुंबासोबत वेळ घालवा असं लिहिलं होतं. कुठे घालवा, ते लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला फाटकावर ड्रायव्हर हजर झाला. घरी न झोपता तो थेट इकडेच आला होता आणि त्याच्या बगलेत उशी होती. वॉचमनने अडवलं. काठवालीने त्याला फळ्यापाशी नेऊन सूचना वाचायला लावली.

“हे माझं कुटुंब आहे. यांना आत घेतलं नाही तर सूचना मोडली जाईल, आणि मोडली कोणी, तर तुम्ही.”

वॉचमनची नोकरी दुसऱ्यांना अडवण्याची असली तरी स्वतः अडकण्याची त्याची तयारी नव्हती. ड्रायव्हर आत आला. सुट्टीत मशीन बंद, दिवे बंद, आणि समोर चाळीस नव्याकोऱ्या गाद्या. रात्रभर बस चालवलेल्या माणसाला याहून काय हवं? त्याने चिठ्ठीवर सही केली, बूट काढले आणि आडवा झाला. काठवालीने शेजारी बसून डबा खाल्ला. तो घोरत होता, पण शेजारी होता. अडीचला घंटा झाली, मशिनं सुरू झाली, तरी तो उठला नाही. तिनेही त्याला उठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोम कापणाऱ्याने आपल्या सासूबाईंना आणलं. चौथ्या दिवशी निम्म्या कारखान्याची कुटुंबं आली. म्हातारे आले, तान्ही बाळं आली, एकाचा भाऊ सहकुटुंब आला. जेवण झालं की सगळे गाद्यांवर आडवे होत, आणि अडीचला उठायचं नाव कोणी काढत नसे. मुलं स्प्रिंगांवर उड्या मारत. सासूबाई तर रोज वेगळ्या गादीवर झोपून पाहत आणि उठल्यावर दोष सांगत. ही कंबरेत खचते, ती कुशीवर टोचते. त्यांचे दोष खरे निघत, हे गाद्या तपासणाऱ्या तपासनीसाला सगळ्यात जास्त झोंबलं.

पुढच्या शुक्रवारी साहेब खाली आले. प्रत्येक गादीबरोबर ती कोरी असल्याचं प्रमाणपत्र जातं, आणि आता एकतीस गाद्यांवर कोणी ना कोणी झोपलेलं होतं. साहेबांनी पहिल्याच, ड्रायव्हरच्या गादीशी थांबून आवाज चढवला.

“या माणसाला आत्ताच्या आत्ता उठवा.”

काठवालीने मशीन थांबवलं आणि ती गादी अन् साहेब यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. ही नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळेल, हे तिला माहीत नव्हतं.

“हळू बोला साहेब. रात्री बेचाळीस माणसं यांच्या भरवशावर झोपतात. आज यांना उठवायचं असेल तर आधी मला काढा.”

साहेब म्हणाले, तसंही करता येईल. तेवढ्यात फोम कापणाऱ्याने सुरी खाली ठेवली. मग खोळी शिवणाऱ्या उठल्या आणि आपापल्या माणसांच्या गाद्यांवर जाऊन बसल्या. मशिनं एकेक करत बंद झाली. कोणी घोषणा दिली नाही, कारण मुलं झोपली होती.

त्या शांततेत सासूबाईंनी पडल्या पडल्या विचारलं, “साहेब, तुमची चिठ्ठी कुठाय?”

साहेब म्हणाले, ती सूचना कामगारांसाठी आहे.

“‘प्रत्येक कर्मचाऱ्यास’ असं लिहिलंय,” काठवाली म्हणाली. “‘अपवाद नाही’ असंही लिहिलंय. तुमचीच सही आहे.”

वॉचमनच्या वहीत साहेबांच्या घरचा नंबर होता. काठवालीने तिथूनच फोन लावला आणि साहेबांच्या बायकोला उद्या साडेबाराचं रीतसर आमंत्रण दिलं. एवढं केलंच आहे तर हेही, असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. सगळीकडे पसरलेली कुटुंबं पाहून खूश झाल्या, चिठ्ठीवर सही केली, आणि काठवालीला अगदी मनापासून म्हणाल्या, “मालक फार कडक आहेत ना तुमचे? यांना सातपर्यंत थांबवून घेतात. पूर्वी कसे साडेचारला घरी यायचे. पाच ते सात माझा गाण्याचा क्लास असतो, अकरा मुली येतात. यांच्यावाचून तबल्यावर ठेका धरायला कोणी नाही हो आता.”

साहेब छताकडे बघत होते. अकरा मुली आणि एक तबला, रोज पाच ते सात. काठवालीला पहिल्यांदाच त्या माणसाची किंचित दया आली. पण तिचा स्वतःचा तास तिला त्याहून मोठा होता. तिने बाईंना हाताला धरून फळ्यापाशी नेलं आणि खालची सही दाखवली. बाईंनी ती सही ओळखली. नंतर त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं.

सोमवारी नवी सूचना लागली. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या आग्रहास्तव कारखाना पूर्ववत आठ ते चार. साहेब चारच्या ठोक्याला सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर पडताना दिसले, आणि त्यांचा चेहरा काही सुटलेल्या माणसाचा नव्हता.

काठवाली पाचला घरी आली ती जिंकल्यासारखी. नवरा खुर्चीत बसला होता. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता.

“तुझी धडपड बघून मीही दिवसाच्या गाडीसाठी डेपोत अर्ज दिला होता,” तो म्हणाला. “तिथले साहेब म्हणाले, दिवसा झोप कुठे घेतोस? मी खरं तेच सांगितलं. गादीच्या कारखान्यात, शिलाई मशीनच्या शेजारी.”

“मग?”

“घाम फुटला त्यांना. रात्रीची गाडी काढून घेतली. उद्यापासून सकाळी सहा ते दोन.”

तिने चहा टाकला. त्याने बातम्या सांगितल्या, तिने फोम कापणाऱ्याच्या सासूबाईंचे किस्से सांगितले. घरमालकाच्या तक्रारी झाल्या, एक लहानसं भांडण झालं, समेटही झाला. अकरा वर्षांच्या सवयीने सगळं पावणेसहापर्यंत आटोपलं. सहाला तो उठला, पायात एक चप्पल घातली, मग काढली आणि परत येऊन बसला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. बोलायला काहीच उरलं नव्हतं, आणि झोपायला अजून चार तास होते.

“आता रोज असंच?” त्याने जरा घाबरतच विचारलं.

“रोज,” ती म्हणाली. “उद्यापासून सावकाश बोला.”