तीसपैकी दोन

याएको कुरिहारा यांना सव्वीस वर्षांनंतर जरा बसायचं होतं, मागणी एवढीच. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या एका भल्यामोठ्या दुकानाच्या तळघरात त्या लोणच्यांच्या काउंटरमागे उभ्या असत. सकाळी दहाला उभ्या राहिल्या की जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळपर्यंत उभ्याच. पिंढऱ्यांवरच्या शिरा टरारून फुगल्या होत्या, घोट्यांजवळची कातडी काळवंडली होती आणि घरी गेल्यावर बूट ओढून काढायला नवऱ्याला हाक मारावी लागे.

यंदा दुकानाला अचानक माणुसकीचा पाझर फुटला. ज्यांच्या पायांच्या शिरांचा आजार डॉक्टरांच्या मोजमापात सहा गुणांचा किंवा जास्त भरेल, त्यांना काउंटरमागे एक खुर्ची मिळणार होती. प्रश्न दहा, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जितके गुण जास्त तितका आजार मोठा. मोजणी दर तीन महिन्यांनी.

"फक्त सहा?" शेजारच्या, मोची नावाच्या तांदळाच्या मिठाईच्या काउंटरवरची तोमोए म्हणाली. "अगं, तुझे पाय बघून डॉक्टर पुरवणी जोडतील."

पण डॉक्टरांसमोर असले पाय न्यायचे कसे? कुरिहाराबाईंना ते बरं दिसेना. आदल्या दिवशी सुट्टी होती, ती त्यांनी दुमडलेल्या गादीवर पाय ठेवून लोळून काढली. सकाळी सूज पार उतरली. मग काळवंडलेल्या कातडीवर चेहऱ्याची पावडर नीट चोपडली आणि नवे मोजे घालून त्या दवाखान्यात गेल्या.

"दुखतं का?" डॉक्टर हिरासावांनी विचारलं.

"छे छे. आपल्या कृपेनं छान चाललंय."

"उभं राहिल्यावर? कामात अडचण?"

"काही नाही हो. तुमचा मात्र वेळ घेतला, त्याचं फार वाईट वाटतंय."

डॉक्टर बिचारे कागदावरच्या प्रश्नांना बांधलेले. दुखणं शून्य, सूज शून्य, कातडीचा रंग शून्य. शिरा तेवढ्या पावडरीखाली मावल्या नाहीत, त्यांचे दोन मिळाले. डॉक्टरांनी पायांना घट्ट दाब देणारे लांब मोजे लिहून दिले आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

विभागप्रमुख शिनोझुकासाहेबांनी सकाळच्या सभेत निकाल जाहीर केला. "कुरिहारासान, सव्वीस वर्षं उभ्या राहून तीसपैकी फक्त दोन. सगळ्यांनी आदर्श घ्यावा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुरिहाराबाईंनी कमरेत वाकून आभार मानले, आणि वाकताना पिंढरीत अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

"तुला जीभ दिलीय कशाला?" तोमोए नंतर कडाडली. "दुखतं म्हणून सांगता येत नाही?"

"परक्या माणसापाशी गाऱ्हाणं कसं गायचं गं?"

"मग राहा उभी."

त्या राहिल्या. फक्त मोजे मात्र त्यांनी व्रतासारखे पाळले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे संपलं. ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, हातात रबरी हातमोजे घालून, दहा-दहा मिनिटं झटापट करून रोज सकाळी ते चढवायचे आणि झोपतानाच उतरवायचे. घरच्या कॅलेंडरावर रोजचा शिक्काही मारायच्या. दोन महिन्यांत सूज गेली. तिसऱ्या महिन्यात दुखणंही थांबलं आणि बाई बूट स्वतःच काढू लागल्या.

दुसऱ्या मोजणीला त्या निर्धास्त होत्या. पाय बरे झाले होते, तेव्हा खुर्चीची आशा सोडली होती. पावडरसुद्धा लावली नाही.

"दुखतं?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि या खेपेला ते खरं होतं.

"कातडीला एक. शिरांना दोन. मोजे रोज घालता?"

त्यांनी कॅलेंडर पुढे केलं. डॉक्टरांनी एकूण एक शिक्का पाहिला. "एकही दिवस चुकला नाही? मग मोज्यांचे पूर्ण तीन."

"तीन कशाचे, डॉक्टर?"

"आजाराचे. ज्याला इतके मोजे लागतात त्याचा आजार मोठा, असा हिशेब आहे. एकूण सहा."

"पण मी बरी झालेय हो."

"कागदाप्रमाणे तुम्ही तिपटीनं बिघडलाय. काळजी घ्या."

खुर्ची आली. शिनोझुकासाहेबांनी दोन्ही हातांनी ती काउंटरमागे ठेवली आणि खिशातून नियमाचा कागद काढला. "एकच लक्षात ठेवा, कुरिहारासान. गिऱ्हाईक नजरेस पडत असताना कर्मचाऱ्यानं बसायचं नाही. दुकानाची अब्रू असते."

"इथे गिऱ्हाईक नजरेस कधी पडत नाही, साहेब?"

"दुकान उघडण्यापूर्वी आणि बंद झाल्यावर. तेव्हा खुशाल बसा." त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "हां, पुडकं बांधून होईपर्यंत गिऱ्हाईक मात्र खुर्चीवर बसू शकतं."

कुरिहाराबाई नेहमीप्रमाणे वाकल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत काउंटर सांभाळायला, माणसं कमी म्हणून, शिनोझुकासाहेब स्वतः उभे होते. एप्रन उतरवून, कोट चढवून कुरिहाराबाई समोरच्या बाजूनं आल्या.

"काकडीच्या लोणच्याचं एक लहान पाकीट. भेट द्यायचंय. कागद, दोरी, ब्रशनं नाव, सगळं लागेल."

साहेबांनी कागद आणि दोरी काढली. समोर गिऱ्हाईक होतं, आणि मागे आणखी तिघं पाहत होते. शेजारून तोमोए गोड आवाजात म्हणाली, "साहेब, बाईंना बसायला द्यायचं ना?"

खुर्ची बाहेर आली. बाई सावकाश बसल्या, पाय पुढे लांब केले. सव्वीस वर्षांत हे तळघर त्यांनी इतक्या खालून कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ते फारच आवडलं.

"थोडा वेळ लागेल," साहेब दोरीशी झगडत म्हणाले. "घाई नाही ना आपल्याला?"

"घाई कसली? पाय मेले फार दुखतात हो माझे," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "सावकाशच बांधा."

खरंच दुखत होते तेव्हा हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मागच्या तिघांनी कळवळून माना हलवल्या. शिनोझुकासाहेबांनी वाकून माफी मागितली, वाकडी बसलेली गाठ सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.