मंजूर तपकिरी

टेलरच्या दाराच्या कडीखाली, अंगठा टेकतो त्या जागी, रंग गोलाकार घासून गेला होता. गोलाच्या आत आणखी एक गोल होता आणि त्याच्याही आत एक. वरचा थर फिका तपकिरी, आतला जरा गडद, सगळ्यात आतला त्याहून गडद. वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला, दाराला नाक लागेल इतक्या जवळून ते गोल पाहिले आणि मनात नोंदवून ठेवले. त्या नोंदीचं काय करायचं ते त्यांना तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर सगळ्यांचाच रविवार वाचला असता.

वहिनी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. जे दिसतं तेच सांगायचं, कोणाचं रक्त आहे ते बघायचं नाही, ही तिथली सवय त्यांच्या अंगात मुरलेली. सोसायटीच्या त्या नव्या सेक्रेटरी. निवडून आल्या त्या सभेत त्यांनी उभं राहून सांगितलं होतं, "माझ्या वेळेस नियम सगळ्यांना एकच. माणूस बघून तो बदलला, तर त्याच दिवशी मी हे पद सोडेन." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अण्णांच्या.

अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे आणि सोसायटीचे पहिल्या दिवसापासूनचे अध्यक्ष. सूनबाई सेक्रेटरी झाली की कारभार चहाच्या टेबलावरच उरकेल, असा त्यांचा अंदाज. तसा तो वर्षानुवर्षं तिथेच उरकत आला होता. डेंटिस्ट बाईंनी अण्णांची कवळी झकास बसवून दिली, तेव्हापासून बाईंचं चपलांचं कपाट जिन्यात असूनही कोणाच्या पायात येत नव्हतं. टेलरचं स्टूल मात्र घटकाभर बाहेर आलं, तरी आग लागल्यावर अख्खी इमारत त्याच्याच स्टुलाला अडखळणार होती. टेलरचा गुन्हा एवढाच, की अण्णांची कंबर मोजताना त्याने आकडा चारचौघांत मोठ्याने उच्चारला होता. हे सगळं वहिनी चहा ओतता ओतता ऐकत आल्या होत्या. म्हणून तर निवडणुकीला उभ्या राहिल्या.

आणि त्या रविवारी अण्णा बशीतून चहा पीत म्हणाले होते, "सूनबाई, टेलरचं दार बघून ये. मला गडद वाटतंय."

नियम असा होता, की प्रत्येक घराचं पुढचं दार 'मंजूर तपकिरी' रंगाचं हवं. नमुना म्हणून रंगवलेली एक फळी तळमजल्यावर, जिन्याच्या खिडकीसमोर भिंतीला स्क्रूने बसवलेली होती. फळीच्या मधोमध 'मंजूर रंग' अशी पितळी पट्टी. ज्याला दार रंगवायचं असेल त्याने फळी बघायची आणि तसाच रंग लावायचा.

"टेलरभाऊ, फळीपेक्षा किंचित गडद आहे," वहिनी म्हणाल्या. किंचित म्हणजे खरंच किंचित. पण दिसलं ते सांगणं भाग होतं.

"रंगवतो की." टेलरच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तो दात न उघडता बोलत होता. "तीनदा रंगवलं, चौथ्यांदा रंगवतो. आत लाकूड उरलंय की नुसता रंगच उभा आहे, ते मलाही बघायचंय. पण वहिनी, तुमचं दार कोणत्या रंगाचं हो?"

"ते अण्णांचं दार आहे."

"तेच. शाईत बुडवून काढलेलं."

वहिनींचा चष्मा आपोआप नाकावर आला. ते दार त्या रोज ओढून घेत आणि रोज ठरवत, आज अण्णांना सांगायचं. निवडून आल्यापासून नुसतं ठरवणंच चाललं होतं. सकाळी अण्णांचा चहा झालेला नसे आणि संध्याकाळी त्यांना गॅस झालेला असे.

"आधी तुमचं नीट बघू," त्यांनी विषय सावरला. "इथला बल्ब पिवळा आहे, रंग फसवा दिसतो. फळी आणि दार एकाच उजेडात ठेवून बघायला हवं."

"मग फळी आणा वर."

"तिचे स्क्रू गंजलेत. निघत नाहीत."

"माझ्या दाराचे निघतात," टेलर म्हणाला आणि आत वळून ओरडला, "मेहुणे, उठा. बहिणीच्या घरचं फुकट खाताय, जरा दार उचला."

'अहो, तसं नव्हे' हे शब्द वहिनींच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत दार बिजागरीतून सुटून जिना उतरायला लागलं होतं. मेहुणे पुढे, टेलर मागे, दार मध्ये, अशी ती वरात निघाली. वाटेत डेंटिस्ट बाई भेटल्या.

"टेलरभाऊ, दाराला फिरायला नेताय?"

"तुमचंही काढा, बाई. नियम सगळ्यांना एकच. विचारा वहिनींना."

बाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींना आपलं भाषण आठवलं.

"म्हणाले होते मी तसं," त्या म्हणाल्या.

झालं. बाईंचं दार उतरलं, म्हणून त्यांच्या शेजाऱ्यांचं उतरलं. शेजाऱ्यांचं उतरलं, म्हणून खालच्यांचं. जेवणाच्या वेळेपर्यंत इमारतीत एक सोडून सगळी घरं उघडी पडली आणि सगळी दारं अंगणात भिंतीला टेकून उभी राहिली. 'गावाला गेलेत' असं बायको सगळ्यांना सांगत होती ते पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ अर्ध्या चड्डीत कोचावर आढळले. पार्किंगवरून अबोला धरलेली समोरासमोरची दोन कुटुंबं एकमेकांच्या ताटात बघत जेवली. कुरियरवाला सरळ कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर सही घेऊन आला.

फळी काही केल्या भिंत सोडत नव्हती. शेवटी टेलरने कापडाची मोठी कात्री आणली आणि फळी मुळापासून उखडली. अंगणाच्या उजेडात वहिनी एकेका दाराशी ती धरू लागल्या. दोन दारं एकमेकांशी जुळतील तर शपथ! वहिनींना राहवेना. त्यांनी मेहुण्यांना हाताशी घेतलं आणि दारं फिक्यापासून गडदापर्यंत ओळीने लावायला सुरुवात केली.

ओळ सुरेख लागली. फक्त त्या नादात कोणतं दार कोणाचं हे कोणालाच सांगता येईना, कारण नावाच्या पाट्या घरांच्या भिंतींवर राहिल्या होत्या. माणसं भिंतीला टेकलेल्या दारांना एकामागून एक आपली किल्ली लावून बघू लागली.

"अगं, हे काय चाललंय?" वहिनींच्या नवऱ्याने कानाशी येऊन विचारलं. "दारं परत लागणार ना?"

"थांब जरा." वहिनी ओळीकडे बघत होत्या. जसजशा किल्ल्या लागत होत्या, तसतसं त्यांना दिसू लागलं होतं. सगळ्यात फिकं दार टेलरचं. त्याच्यानंतर ज्यांनी सभेत अण्णांना हिशेबाबद्दल विचारलं होतं त्यांचं. मधली दारं नमस्कार करणाऱ्यांची. गडद टोकाला डेंटिस्ट बाई. ती ओळ म्हणजे अण्णांच्या मर्जीचा आलेख होता.

तेवढ्यात मेहुण्यांच्या हातून फळी पडली. पितळी पट्टी निखळून उडाली. पट्टीखालचा चौकोन गडद होता, शाईत बुडवून काढल्यासारखा. वहिनींना टेलरच्या कडीखालचे ते गोल आठवले.

"फळीचा रंग उन्हाने उडालाय," वहिनी हळूच म्हणाल्या. "खिडकीसमोर होती ना. फळी दरवर्षी फिकी होत गेली, आणि दर वेळी कोणाचं तरी दार तिच्यापुढे गडद ठरत गेलं."

"कोणाचं तरी नाही, वहिनी. माझं," टेलर म्हणाला.

"माझा चहा कुठाय?" जिन्यावरून आवाज आला. अण्णा उतरत होते. त्यांच्या मागे, वर, इमारतीतलं एकुलतं एक दार जागेवर होतं. त्यांनी ओळ पाहिली, फळी पाहिली, पट्टीखालचा चौकोन पाहिला आणि कवळी दिसेल इतके हसले.

"बघा. मूळ रंग हा! माझंच दार तेवढं बरोबर. बाकी सगळ्यांनी पुन्हा रंगवा. सुरुवात टेलरपासून."

टेलरने तोंडातल्या टाचण्या काढून खिशात ठेवल्या. आता तो मोकळ्या तोंडाने बोलणार होता. पण तो वहिनींकडे बघत राहिला. डेंटिस्ट बाईही बघत राहिल्या. किल्ल्यांचा आवाज थांबला.

"अगं," नवरा पुटपुटला, "संध्याकाळी याच माणसाशेजारी जेवायला बसायचंय आपल्याला."

अण्णांचा चहा झालेला नव्हता. संध्याकाळी गॅस होणारच होता. वहिनींनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फळी उचलून अण्णांसमोर धरली.

"पट्टीखाली काय होतं ते कोणालाच दिसत नव्हतं, अण्णा. लोकांना दिसली ती ही फिकी फळी. हीच दाखवून तुम्ही टेलरभाऊंना तीनदा रंगवायला लावलंत. त्यांना जी दाखवली, तीच तुम्हाला आणि मला." त्यांनी पदर खोचला. "आपलं दार नियमात बसत नाही. काढू या. एका बाजूने मी धरते."