कीबोर्डाला हात न लावणाऱ्या कुमुदताई

हिंदी मुलखातल्या आमच्या दाना ओली गल्लीतल्या कुमुदताई जाधव कुणाला कॉम्प्युटर शिकवायला बसल्या, की आधी स्वतःच्या दोन्ही हातांवर बसतात. अगदी खरंच. तळवे खुर्चीवर ठेवायचे, त्यांवर आपला ऐसपैस देह टेकवायचा आणि मग म्हणायचं, "हं, चालू कर बाई." समोरची चुकते, अडते, पडदा काळा करून ठेवते. ताईंचा चेहरा लाल होतो, पण हात काही सुटत नाहीत.

ताईंची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात गेली. त्या जरा अडल्या, की शेजारचा कुणीतरी खुर्ची सरकवत यायचा. "हटिए मैडम, मैं कर देता हूँ." काम व्हायचं आणि ताई होत्या तिथेच राहायच्या. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ घेऊन त्या माइकपुढे गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अब आप लोग हटिए." लोकांनी विनोद समजून टाळ्या वाजवल्या. विनोद कसला डोंबलाचा!

तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या बैठकीत बायकांचा वर्ग भरतो. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे मलाही ओढलं गेलं. पुरुषांना मज्जाव नाही. माझे यजमान एकदा "थोडी मदत करतो" म्हणत खाली गेले, तर ताईंनी त्यांना चहासाठी आलं किसायला बसवलं. ते पुन्हा फिरकले नाहीत.

या बायका करतात काय, तर जगात जे प्रोग्राम फुकट आणि उघडे असतात, ते दुरुस्त करतात. त्यांची आतली रचना कुणीही वाचावी, सुधारणा पाठवावी. प्रोग्राम सांभाळणाऱ्याला ती पटली, की करणारीच्या नावासकट सगळ्यांच्या यंत्रांत जाते. "नावासकट" हा शब्द ताई दोनदा म्हणतात.

आमच्यातली नेहा गाणं शिकते. किला गेटजवळ सासर, स्वयंपाक उरकला की लॅपटॉप उघडायचा, आणि "फुकटचं काम कशाला?" हे सासूबाईंचं पार्श्वसंगीत. ती रियाजाला फोनवर तानपुऱ्याचा असाच एक फुकट प्रोग्राम लावायची. तो दर वेळी पेटीच्या काळी एकवर सुरू व्हायचा. हा पुरुषांच्या गळ्याचा सूर. बाईने रोज आधी तो चढवायचा आणि मग गायचं.

"का म्हणून?" ताई कडाडल्या. "त्याने आधी विचारावं ना, बाई, तुझा सूर कोणता! आणि मग तो लक्षात ठेवावा. बनव तू."

नेहाने कित्येक रविवार खपून ते बनवलं आणि पाठवलं. पण तिच्या दुरुस्तीनंतर काही फोनांवर तानपुरा मुकाच झाला. प्रोग्राम सांभाळणाऱ्या गृहस्थांचं उत्तर फार गोड होतं. कल्पना छान आहे, तुम्ही राहू द्या, मी दहा मिनिटांत लिहून टाकतो.

नेहाने लॅपटॉप मिटला. "बस हुआ, ताई. घरी बोलणी खायची, इथे पण हेच. माझ्याने नाही होणार. पुढच्या रविवारी मी नाही येत."

ताईंनी त्या गृहस्थांना दोन बोटांनी टकटक करत उत्तर लिहिलं. "दुरुस्ती नेहाची आहे. चूकही तिचीच आहे, तीच सुधारेल. आपण कृपया हात मागे ठेवावेत." तेच पत्र त्यांनी असलं काम करणाऱ्या बायकांच्या एका जगभरच्या गटातही टाकलं. मला वाटलं, झालं, आता बाईंचं हसं होणार.

दुसऱ्या दिवशी त्या उत्तराखाली रांग लागली होती. केरळातली कुणी, केनियातली कुणी, ब्राझीलची एक आजी. सगळ्यांचं म्हणणं एकच: आम्ही नेहासाठी थांबतो. केरळातल्या मुलीने चूक कुठे शोधायची तेवढं सांगितलं आणि मुद्दाम पुढे एक अक्षर लिहिलं नाही. गृहस्थ थांबले. न थांबून जातात कुठे!

ताईंनी फोन करून ते सगळं नेहाला वाचून दाखवलं. ती पुढच्या रविवारी आली. चूक सापडायला आणखी काही रविवार गेले, पण दुरुस्ती स्वीकारली गेली. नावासकट.

नेहा पेढे घेऊन आली. सगळ्या पांगल्यावर मी कप विसळत होते. तिने नवा तानपुरा उघडला आणि सहज विचारलं, "ताई, तुमचा सूर कोणता?"

"माहीत नाही ग," त्या म्हणाल्या. "भाऊ शिकायचा गाणं. मी मागे बसून त्याच्याच सुरात गुणगुणायची. माझा आवाज तेवढा खाली पोचायचाच नाही. सगळे म्हणायचे, हिला गळाच नाही. मग सोडून दिलं."

नेहाने काळी एकपासून सुरुवात केली. एकेक सूर चढवत गेली. काळी दोन. काळी तीन. ताई मान हलवत होत्या. पुढच्याला त्या थबकल्या, डोळे मिटले आणि एक सा लावला. फाटका, कापरा, पण अगदी नेमका. मी नळ बंद केला.

तानपुरा बराच वेळ चालू राहिला. शेवटी नेहा पर्स घेऊन उठली.

"उद्या येशील?" ताईंनी विचारलं.

"उद्या? उद्या तर सोमवार आहे, ताई."

"माहीत आहे मला," कुमुदताई म्हणाल्या. "तरी ये."