मिस्त्रींचं मोठं गीत

मिस्त्रींनी शिव्या सोडल्या त्याला रविवारी तीन महिने पुरे होणार होते. जिभेला हाड नसतं म्हणतात. मिस्त्रींच्या जिभेला लगामही नव्हता. रंधा अडला की शिवी, खिळा वाकला की शिवी. चर्चच्या मंडळीत त्यांना कारभारी पंच करायचं निघालं तेव्हा धर्मगुरू पाळकसाहेबांनी स्पष्टच सांगितलं, "प्रार्थना त्याच तोंडानं आणि शिव्याही त्याच तोंडानं? तीन महिने तोंड सांभाळा, मग बघू." मिस्त्रींच्या वडिलांचं पंचपदही याच कारणानं हुकलं होतं, आणि ते शल्य घेऊनच ते गेले. त्यामुळे मिस्त्रींनी हे फार मनाला लावून घेतलं.

उपाय बायकोनं काढला. "शिवी ओठांवर आली की गीत म्हणा. राग पळून जाईल."

राग कुठला पळतोय! पण गीतं तोंडपाठ झाली. पॉलिशवाले काका आणि लंबू या दोघा कारागिरांनाही ती कळू लागली. संथ गीत म्हणजे चूक किरकोळ आहे. टाळ्यांचं गीत म्हणजे समोर उभं राहू नये. आणि कापणीच्या उपासनेतलं मोठं गीत सुरू झालं, की हातातलं टाकून अंगण गाठायचं, कारण त्याच्या पाठोपाठ हातोडा यायचा.

शनिवारी चर्चच्या पुस्तकांचं कपाट तयार होत होतं. दार लावायला घेतलं तर ते दोन बोटं आखूड.

"माप कोणी घेतलं?"

"मीच," लंबू म्हणाला. "पण लाकूडच आखूड निघालं."

मिस्त्रींनी डोळे मिटून संथ गीत धरलं. तेवढ्यात काकांचा पाय लागून पॉलिशचा डबा लवंडला आणि संथ गीताचं टाळ्यांचं झालं.

"वा, वा!" दारातून आवाज आला. पाळकसाहेब! "काम करता करता देवाची स्तुती! मी उगाच शंका घेत होतो हो. उद्याच तुमचं नाव जाहीर करतो."

मिस्त्री पेचात पडले. खरं सांगावं तर पंचपद जातं, गप्प बसावं तर पाळकाशी खोटेपणा. ते गप्प बसले.

"कपाट जरा उभं करा, बघू तरी," पाळकसाहेब म्हणाले. लंबू आणि काकांनी ते दोन्हीकडून उचललं. साहेबांना उत्साह आवरेना. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि खड्या आवाजात कापणीचं मोठं गीत सुरू केलं.

तीन महिन्यांची सवय! दोघांनीही कपाट सोडलं आणि अंगणात धूम ठोकली. कपाटाचा कोपरा साहेबांच्या पायाच्या अंगठ्यावर आला.

गीत बंद पडलं. साहेब कसेबसे स्टुलावर टेकले.

"साहेब, चूक माझी आहे," मिस्त्रींच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. "ती गीतं नाहीत हो, शिव्याच आहेत. नुसती चाल लावलीय. तोंड बदललं, आत सगळं तसंच आहे. माझं नाव जाहीर करू नका."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता, अंगठा मुठीत होता. मग दातांवर दात ठेवून ते हळूहळू काहीतरी गुणगुणू लागले. मिस्त्रींनी कान दिला. चाल ओळखीची होती. मंडळीच्या सभेत चिटणीस अहवाल वाचायला उठले की साहेब नेमकं हेच गुणगुणत. साहेब किती भक्तिमान, असं सगळे म्हणायचे.

तीन कडवी झाली. साहेबांनी डोळे उघडले.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

"कळलं, साहेब."

"खोटं रेटलं नाहीत, हे बरं केलंत. उद्या नाव जाहीर करतो. जीभ ताब्यात आली, मन यायचंय. माझं वीस वर्षं झाली, अजून येतंय."

पुढच्या सभेला नवे पंच साहेबांच्या शेजारी बसले. चिटणिसांनी चौदा पानी अहवाल उघडला. दुसऱ्या पानाला साहेब गुणगुणू लागले. पाचव्या पानाला मिस्त्रींनी खालचा सूर धरला.

चिटणिसांचे डोळे भरून आले. "अशी भक्तिमान माणसं लाभली," ते म्हणाले, "आता मी प्रत्येक पान दोनदा वाचतो."

दोघांनी एकदमच मोठं गीत धरलं.