पळकुट्या मशीनचं प्रकरण

घटनास्थळी पुढील गोष्टी होत्या. कपडे धुण्याचं मशीन एक, वय वर्षं चौदा. बादल्या दोन. जोडीदार नसलेले मोजे सात. फरशीवर काळे गोल ठसे तीन आणि लांबट ओरखडा एक. आणि या सगळ्याच्या मधोमध, हातात भिंग घेऊन उकिडवा बसलेला मामा, तोही एकच.

भाचीनं मोजणी संपवली. पदार्थविज्ञानाची पदवी हातात आली होती, नोकरी यायची होती, आणि तोवर ती मामाची सहायक होती.

"लिहून घे," मामा म्हणाला. "ज्याच्या नुसत्या नजरेनं गुन्हेगाराला दरदरून घाम फुटतो, ज्यानं जिन्यातल्या बल्बचं प्रकरण अवघ्या तीन महिन्यांत तडीस नेलं, तो हा गुप्तहेर..."

"मामा, तो बल्ब गेला होता."

"गेला होता हे सगळ्यांनाच दिसत होतं. कुठे गेला, हे फक्त मी विचारलं."

प्रकरण असं होतं. चार दिवस हे मशीन कपडे पिळायला लागलं की धाडधाड आपटायचं आणि दाराच्या दिशेनं चालू लागायचं. मामीनं तीन दिवस त्याला ढकलून जागेवर आणलं, चौथ्या दिवशी दुकानात फोन केला.

"संध्याकाळी माणूस येतोय," ती म्हणाली. "तोवर हे सुधारलं तर ठीक, नाहीतर नवीन. आणि नवीन मशीन बाथरूमच्या दारातून आत जात नाही, मी माप घेतलंय. ते गॅलरीत बसेल."

मामाचा चेहरा उतरला. गॅलरीत त्याचं कार्यालय होतं. एक टेबल, एक खुर्ची आणि 'चौकशी आत करावी' अशी पाटी. आत म्हणजे कुठे, हे अजून कुणी विचारलेलं नव्हतं, कारण चौकशीला अजून कुणी आलेलंच नव्हतं.

"अगं, पण गॅलरीत मी बसतो!"

"आता ते बसेल. ते निदान कपडे तरी धुतं."

म्हणून मामा कंबर कसून कामाला लागला होता. भाचीनं मशीनभोवती खडूनं रेघ ओढली. मामाला भरून आलं. "शाब्बास! प्रेताभोवती ओढतात तश्शी!"

"किती सरकतं ते मोजायचंय."

मशीन सुरू केलं. ते थरथरलं, धडधडलं, दाराकडे निघालं आणि थांबलं. भाचीनं पट्टी लावली. चौदा सेंटीमीटर.

"दाराकडेच!" मामानं चुटकी वाजवली. "भिंतीकडे नाही, दाराकडे. हे पळून जातंय. चौदा वर्षं दुसऱ्यांची धुणी धुतली की कुणीही पळून जाईल."

"मी बघा, अजून इथेच आहे," स्वयंपाकघरातून मामी म्हणाली.

मामानं तो तर्क घाईघाईनं मागे घेतला आणि मोज्यांकडे वळला. "सात मोजे. आणि सातही डाव्या पायाचे!"

"मामा, मोज्यांना डावं-उजवं नसतं."

"म्हणूनच तर आजवर कुणाला संशय आला नाही."

भाचीनं एक दीर्घ श्वास घेतला. "मामा, मशीनला पाय चार आहेत. ठसे मात्र तीन, आणि चौथ्याच्या जागी ओरखडा. म्हणजे..."

"म्हणजे झटापट! ओरखडा म्हणजे झटापटच. पुढे चल."

ती पुढे जाणार एवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे होते. उजव्या हाताचं मधलं बोट पट्टीत गुंडाळलेलं.

"अहो, पेशंट आ वासून बसलेला, माझं बोट त्याच्या दाढेवर, आणि वर तुमची धाडधाड! दचकला हो बिचारा. कडकन चावला!"

मामा भाचीच्या कानात कुजबुजला, "संशयित स्वतःच्या पायांनी चालत आलाय." मग त्यानं डॉक्टरांना गॅलरीत नेलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः येरझाऱ्या घालू लागला.

"हादरे बसले की दात खिळखिळे होतात. दात खिळखिळे झाले की तुमच्या दारी रांग लागते. बोला डॉक्टर, मशीनला काय पाजलंत?"

डॉक्टरांचं लक्षच नव्हतं. ते खुर्चीवर मागेपुढे डुलून बघत होते. "गेल्या खेपेला चहाला आलो, तेव्हा ही खुर्ची हलत होती. मी मनात म्हटलंही होतं, काढूनच टाकायला हवी. आता कशी घट्ट बसलीये?" एवढं बोलून ते खुर्चीवरून उठले, गुडघ्यांवर बसले आणि जबड्यात डोकावावं तसे खुर्चीखाली डोकावले.

"अरे वा! एका पायाला कॅप बसवलीये!"

भाचीनं हात घालून ती कॅप ओढून काढली. काळं, गोल रबर, मधे खाच. ती तडक बाथरूममध्ये गेली. मामीनं आणि तिनं मशीन तिरपं केलं. तीन पायांना तसलीच रबरं, चौथा पाय नुसता लोखंडी.

"मामा, हे तुला कुठे मिळालं?"

"बाथरूममध्ये," मामा अभिमानानं म्हणाला. "हिनं फरशी घासायला मशीन ओढलं, त्या दिवशी बाजूलाच पडलं होतं. पाहताक्षणी ओळखलं, हा पुरावा आहे! पण गुन्हाच घडलेला नव्हता. पुरावा तरी रिकामा किती दिवस ठेवायचा? म्हटलं, गुन्हा घडेपर्यंत खुर्चीखाली असू दे."

मग मामीनं फोन उचलला. "हॅलो, आज यायची गरज नाही. हो, सापडलं. नाही हो, चोर घरचाच."

डॉक्टर बोट सांभाळत जिना उतरले. मामानं घसा खाकरला. "लिहून घे. तपास यशस्वी. महत्त्वाचा पुरावा पहिल्या दिवसापासून गुप्तहेराच्या ताब्यात होता."

भाचीनं रबर मशीनच्या चौथ्या पायाला चढवलं, खडूची नवी रेघ ओढली आणि सातही मोजे आत टाकून बटण दाबलं. मामा विजयी मुद्रेनं आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. पिळणं संपल्यावर ती पट्टी घेऊन आधी बाथरूममध्ये गेली, मग गॅलरीत.

मशीनचं सरकणं: शून्य सेंटीमीटर. मामाचं, खुर्चीसकट, डुगडुगणं: एक सेंटीमीटर.