कडी लावू नका

शमुवेलकाका साळवे पहिल्यांदा कुणाच्या घरी गेले की तब्येत विचारत नाहीत. विचारतात, "न्हाणीला आतून कडी हाय का?" असली तर खिशातून पेचकस निघतो.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत बरीच म्हातारी माणसं एकटी राहतात; मुलं पुण्याला. काकांनी त्यांच्या न्हाणीच्या कड्या काढून टाकल्या. अंघोळीला जाताना घराच्या दाराला लाल फडकं टांगायचं, असा काकांचा कायदा. फडकं जरा जास्त वेळ दिसलं की हे रस्त्यावरून ओरडणार, "हाय का?" सुलतानाखाला एकदा आतून कडाडल्या, "भाई, साबण तो लगाने दो!"

"लगाओ, पर बोलते रहो."

दवाखान्यातली वॉर्डबॉयची नोकरी संपली, काळजीची ड्यूटी संपली नाही. चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थना सांगायला उभं केलं तर म्हणतात, "प्रभू, सगळे घरी धड पोचू दे, आमेन." लोकांचे डोळे नीट मिटलेलेही नसतात.

कडी काढू दिली नाही ती फक्त देशमुखआजोबांनी. "आज कडी काढशील साळवे, उद्या धर्म काढशील!"

माझं डोकं फिरलं. सेवेवर संशय घेणाऱ्यांविरुद्ध मी तिथल्या तिथं पत्रक लिहायला बसले. काकांनी कागद बाजूला सारला. "ते नंतर. त्यांची फरशी बघितली का? लई गुळगुळीत हाय."

एका रविवारी सकाळी नळाला पाणी आलं. काका कोट घालून उपासनेला निघाले आणि थबकले. देशमुखांच्या दाराखालून पाणी रस्त्यावर येत होतं. वाट बघून बघून आलेलं पाणी आमच्या शहरात कुणी असं वाहू देत नाही.

"देशमुखसाहेब, हाय का?"

हाक ऐकून मी धावले; आम्ही मागच्या दारानं शिरलो. न्हाणीला आतून कडी. बाहेरून पेचकस चालेना; मग त्यांनी खांद्यानंच दार तोडलं. आजोबा ओल्या फरशीवर पडले होते, ओठ निळे. काकांनी त्यांची घाण धुतली, अंग पुसलं, कोट पांघरला. "लाजू नका साहेब, नोकरीच होती माझी." अँब्युलन्समध्ये त्यांचा हात धरून काका सारखे म्हणत होते, "बोलत राहा. शिव्या द्या, पण बोलत राहा."

आजोबांनी दिल्या.

तो कोट धुऊन मी काकांकडे द्यायला गेले. त्यांच्या न्हाणीला दारच नव्हतं, नुसता पडदा. दार मागं भिंतीला टेकवलेलं, कडीपाशी फुटलेलं.

"तुझी राहेलकाकू आत होती," काका म्हणाले. "मी चर्चमध्ये. त्या दिवशी प्रार्थना मीच सांगत होतो. लई लांबवली."

पत्रकाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

देशमुखआजोबा वॉकर घेऊन घरी आले आणि कुरकुरत का होईना, कडी काढून घेतली. काकांच्या स्वतःच्या दाराला मात्र फडकं कधीच नसायचं. बघणार कोण?

परवा सकाळी गल्लीत वॉकरची खटखट ऐकू आली. काकांच्या दारापुढं ती थांबली.

"ए साळवे! फडकं कुठंय तुझं? हाय का?"

आत तांब्याचा आवाज एकदम बंद झाला. आजोबांनी वॉकर दारावर आपटला.

"हाय साहेब," आतून आवाज आला. "हाय."

"मग बोलत राहा की!"